लातूरच्या तालमीतून जिउ-जित्सूच्या मॅटवर: स्पर्धा आणि शिकवणं एकत्र करणाऱ्या खेळाडूचं प्रकरण

प्रकरणातला खेळाडू निलंगा तालुक्यातल्या एका गावचा. दहाव्या वर्षी तालमीत गेला, ७४ किलो गटात जिल्हा जिंकला, राज्य स्पर्धेत मात्र पदकापर्यंत पोचला नाही. एकविसाव्या वर्षी पोलीस भरतीच्या तयारीसाठी पुण्यात गेला आणि तिथे ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर उतरला. दोन वर्षांनी पांढऱ्यावरचा निळा पट्टा मिळाला, चोविसाव्या वर्षी घरच्या शेतीमुळे लातूरला परतला, सव्विसाव्या वर्षी त्यावरचा जांभळा पट्टा. आज तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. लातुरात पत्र्याच्या शेडमध्ये ३१ जणांना शिकवतो आणि स्वतःही स्पर्धा खेळतो.

प्रकरण रचलेलं आहे. खेळाडू आणि हिशेबाचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत; नियम, गुण, वजनगट आणि पट्ट्यांच्या मुदती मात्र खऱ्या आहेत. तपासायचा प्रश्न असा: रोजच्या सरावाला वरच्या पट्ट्याचा एकही जोडीदार नसलेल्या गावात राहून स्पर्धक वाढू शकतो का, आणि त्याच मॅटवर त्याचं पोट भरतं का? आमचं उत्तर हो असं आहे, पण एका अटीवर. शिकवणं हे स्पर्धेतून निवृत्त झाल्यावरचं काम मानलं तर दोन्ही बुडतात. शिष्यांतूनच जोडीदार घडवायचं ठरवलं तर दोन्ही चालतात.

पार्श्वभूमी

निलंगा तालुक्याला कुस्ती नवी नाही. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवलं. त्यामुळे पोरगं तालमीत घालायला इथे कुणाला समजवावं लागत नाही. अडचण पुढे येते. प्रत्येक वजनगटात वर जागा एकाची, आणि एकविशी-बाविशीत मागे पडलेल्या पैलवानाकडे अकरा वर्षांचं अंग असतं, पण त्याचं करायचं काय ते ठाऊक नसतं. भरती झाली तर ठीक, नाहीतर जत्रेतल्या इनामाच्या कुस्त्या.

जिउ-जित्सूचं मूळ ज्युदोत आहे. कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेतला ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला, पुढे त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि ग्रेसी घराण्याने जमिनीवरच्या लढतीचा भाग वाढवत नेला. १९९३ साली डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी या मिश्र लढतींच्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी आपल्यापेक्षा जड माणसांना गुदमरवून आणि सांधे अडकवून जिंकला, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. पैलवानाच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट कळीची: इथे चितपट नाही. खांदे मॅटला लागले तरी लढत चालूच राहते. उलट पाठीवरून खेळणारा माणूस पायांनी समोरच्याला अडकवून हल्ला करतो. त्यालाच गार्ड म्हणतात.

पहिलं वर्ष: तालमीतलं अंग काय देतं आणि काय हिरावतं

पैलवान मॅटवर आला की पहिला महिना तो सगळ्यांना खाली घेतो आणि त्याला वाटतं, हे आपलंच आहे. स्पर्धेत चित्र वेगळं दिसतं. या खेळाडूच्या पांढऱ्या पट्ट्यातल्या पहिल्या दोन हारी नमुनेदार आहेत.

पहिल्या लढतीत त्याने दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडलं, आणि आयबीजेजेएफ या खासगी ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमाप्रमाणे २ गुण घेतले. पडतापडता प्रतिस्पर्ध्याने कमरेभोवती पाय बांधले, म्हणजे हा बंद गार्डमध्ये आला. कुस्तीतल्या सवयीने त्याने डोकं छातीत खुपसलं, एक हात मॅटवर टेकला आणि दुसऱ्याने मांडी ढकलू लागला. एक हात पायांच्या आत, एक बाहेर: ट्रँगलला, म्हणजे पायांच्या त्रिकोणात मान आणि एक हात अडकवून गळा आवळायला, नेमकी हीच स्थिती लागते. चाळीस सेकंदांत टॅप करावं लागलं, म्हणजे हात आपटून हार मानावी लागली.

दुसऱ्या लढतीत त्याला स्वीप बसला, म्हणजे खालच्याने उलटवून वर येणं. पाठ मॅटला लागताच अंग आपोआप पोटावर वळलं. दहाव्या वर्षापासून चीत वाचवायला शिकलेलं अंग दुसरं काय करणार? पण इथे पोटावर वळणं म्हणजे पाठ देणं. प्रतिस्पर्ध्याने दोन्ही पावलांचे आकडे, म्हणजे हुक, मांड्यांच्या आत घातले, तीन सेकंद टिकवले, ४ गुण घेतले आणि मागून गळा धरला. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर पाच ते दहा सेकंदांत शुद्ध जाते. तालमीत हार मानून हात आपटायची सवय नसते, म्हणून पैलवान उशिरा टॅप करतो. सांधा अडकला असेल तर कोपर सुजतं, आणि मग तीन आठवडे सराव बंद.

गुणांची रचना पाठ असली की सरावाचा क्रम आपोआप ठरतो. खाली घेणं २, स्वीप २, गुडघा पोटावर २, गार्ड ओलांडणं ३, छातीवर बसणं म्हणजे माउंट ४, पाठ घेणं ४. प्रत्येक स्थिती तीन सेकंद टिकली पाहिजे. म्हणजे पैलवानाचं सगळ्यात भारी हत्यार सर्वांत कमी गुणांचं आहे. प्रतिस्पर्धी स्वतःहून खाली बसून गार्ड घेतो तेव्हा तर त्या हत्याराला कामच उरत नाही.

दुरुस्ती आठ आठवड्यांची होती, रोज पंधरा मिनिटं, लढतीआधी आणि अंगात ताकद असताना. पाच मिनिटं पाठीवरून कंबर सरकवणं: कोपर आणि गुडघा एकमेकांना चिकटलेले, बाजूवर वळून कुल्ला मागे. पाच मिनिटं हाफ गार्ड, म्हणजे वरच्याचा एकच पाय पायांत अडकवलेला: वरचा पूर्ण वजन टाकतो, खालच्याने फक्त त्याच्या बगलेखाली हात घालून बाजूवर यायचं. शेवटची पाच मिनिटं कासवाच्या स्थितीतून, म्हणजे गुडघे-कोपरांवरून, बसून बाहेर निघत समोर तोंड करणं. हा तिसरा भाग पैलवानाला येतच असतो. फक्त पोटावर सपाट व्हायच्या आधी तो वापरायला शिकायचं असतं.

पटाचीही दुरुस्ती लागली. एकेरी पटात डोकं प्रतिस्पर्ध्याच्या अंगाबाहेर राहिलं की मान गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून काखेत धरून आवळण्याच्या डावात, सापडते. शिवाय पांढऱ्या पट्ट्याच्या स्पर्धेत असा पट चालतच नाही, पंच थांबवतात. डोकं आत घ्यायचं, कान बरगडीला घट्ट, छाती वर, नजर समोर. याउलट बगलडूब आणि दस्ती हे दोन डाव सोन्यासारखे ठरतात, कारण ते समोरच्याला खाली घेता घेता थेट पाठीवर नेतात. सवारीची सवय असलेल्याला पाठीवर टिकणंही सोपं जातं. मात्र कमरेला पायांची कैची मारून धरलं तर पाठीचे गुण मिळत नाहीत. दोन्ही टाचा मांड्यांच्या आतच हव्यात. पावलं एकमेकांवर अडकवली तर खालचा तिथेच घोटा धरतो.

आणखी दोन सवयी मोडाव्याच लागतात. गार्डमध्ये अडकल्यावर प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटणं म्हणजे सरळ बाद. पकड सोडवायला बोटं उलटी वाकवणंही नियमाबाहेर. दोन्ही गोष्टी रागात नव्हे, नकळत होतात. म्हणून सरावातच पंचाने प्रत्येक वेळी लढत थांबवली पाहिजे.

वजन, पट्टे आणि दोन शिड्या

कपडा घालून खेळायच्या स्पर्धेत, म्हणजे गीमध्ये, वजन गीसकट आणि पहिल्या लढतीच्या तोंडावर होतं. जास्त भरलं तर दुसरी संधी नाही. प्रौढ पुरुषांचे मधले गट ७०, ७६, ८२.३ आणि ८८.३ किलो. गी साधारण दीड किलोची. हा खेळाडू एरवी ७९ भरतो, म्हणजे ७६ च्या गटासाठी त्याला साडेचौऱ्याहत्तरवर यावं लागेल, आणि पाणी तोडून लगेच मॅटवर उभं राहावं लागेल. त्याने दोनदा तसं केलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या मिनिटाला पकड सुटली. नंतर ८२.३ घेतला. दीड-दोन किलोचा तोटा सोसणं परवडतं, कोरडं अंग परवडत नाही. वजन तोडायचा विचार जांभळ्या पट्ट्याआधी करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लढतीची वेळ पट्ट्यानुसार वाढते: पांढरा ५ मिनिटं, निळा ६, जांभळा ७, तपकिरी ८, काळा १०. निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड वर्ष, तपकिरीवर एक वर्ष काढावं लागतं. निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी नाही.

पट्ट्याचा आणखी एक परिणाम घरी परतल्यावर कळतो. निळ्या किंवा जांभळ्या पट्ट्याचा माणूस शिकवू शकतो, पण अधिकृत नोंदीसाठी शिष्याला पट्टा काळ्या पट्ट्याच्या गुरूकडूनच मिळावा लागतो. म्हणून लातूरची शेड सुरू होण्याआधी पुण्यातल्या गुरूंशी ठरवावं लागलं: दर तीन महिन्यांनी दोन दिवस ते येतील, प्रवास आणि मानधन शेड देईल, पट्टे तेच देतील. हे तोंडी ठेवलं की वर्षाने वाद होतो. कागदावर घ्यावं.

स्पर्धांच्या शिड्या दोन आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. आयबीजेजेएफ आणि तशा खासगी खुल्या स्पर्धांत पैसे भरून कुणीही उतरतो. नाव तिथे होतं, पातळी तिथे कळते. दुसरी शिडी राष्ट्रीय संघटना, आशियाई संघ आणि आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघ अशी. २०१८ च्या जकार्ता आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत हा खेळ होता, तो या दुसऱ्या शिडीने. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून व्हावी लागते आणि खासगी स्पर्धेचं पदक तिथे उपयोगी पडत नाही. प्रवेश फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्या स्पर्धेचं नाव दाखवून विचारून घ्यावं. या खेळाडूने कुस्तीची जुनी प्रमाणपत्रं जपून ठेवली, हे फार शहाणपणाचं झालं.

तिसरी एक वाट पैलवानाने विसरू नये: कपड्याविनाची ग्रॅपलिंग, म्हणजे गीशिवायची पकडीची लढत. एडीसीसी या तशाच स्पर्धेच्या नियमांत पहिला अर्धा वेळ गुणच नसतात, आणि नंतर आपणहून खाली बसून गार्ड घेणाऱ्याचा गुण कापला जातो. उभ्या कुस्तीला तिथे खरा भाव आहे. कुस्तीची जागतिक संघटना स्वतःही ग्रॅपलिंगच्या स्पर्धा घेते.

शेड: मॅट, ऊन, पाणी, त्वचा

जागा ६ बाय ९ मीटर, भाडं ९,००० रुपये. पहिल्या खेपेला २५ मिलिमीटर जाडीच्या जोडमॅट घेतल्या, ७५० रुपयांना एक, ५४ तुकड्यांचे ४०,५००. पाच महिन्यांत एका मुलाचं मनगट आणि एका तरुणाचा खांदा दुखावला, दोन्ही फेकताना. उभ्या डावांसाठी ४० मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. ते १,३०० च्या दराने ७०,२०० झाले. जुन्या मॅट फेकल्या नाहीत. ६ बाय ४ मीटरचा कोपरा फेकण्यासाठी ठरवून तिथे त्या खाली अंथरल्या, आता तिथे दोन थर आहेत. एवढ्या जागेत जमिनीवर आठ-नऊ जोड्या लढू शकतात, उभ्याने मात्र एकावेळी तीनच. चौथी जोडी सोडली की कुणीतरी कुणाच्या गुडघ्यावर पडतं.

पत्र्याखाली मे महिन्यात मॅट फुगतात. भिंतीला घट्ट बसवल्या असतील तर मधे उचकटून सांध्यांत पायाची बोटं अडकतात. चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर मोकळे ठेवले की प्रश्न मिटतो. कूलर लावला तर मॅट दमट होते, पाय सरकतो आणि बुरशी वाढते. त्यापेक्षा दोन मोठे पंखे, समोरासमोर खिडक्या, आणि एप्रिल ते जून सकाळी पावणेसहाची वेळ.

पाण्याचा मुद्दा मराठवाड्यात बाजूला ठेवता येत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टंचाईत घरात पहिली काटकसर होते ती कपडे धुण्यात, आणि न धुतलेली गी म्हणजे आठवड्याभरात अर्ध्या वर्गाला नायटा. उपाय साधे आहेत पण सक्तीचे: उन्हाळ्याचे तीन महिने गीचा वर्ग आठवड्यातून दोनच दिवस, बाकी दिवस अंगाला बसणारा पटकन वाळणारा शर्ट आणि चड्डी. ती एका बादलीत धुऊन होते. मॅट रोज पुसायची. बाजारातलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याचा हात. त्यात फिनेल किंवा ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

नायटा दिसला की मेडिकलमधून आणलेलं मिश्र मलम लावायची पद्धत सगळीकडे आहे. त्यात बहुतेकदा स्टेरॉईड असतं. खाज चार दिवस थांबते, बुरशी आतून पसरते आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडेच पाठवावं. औषध सुरू होऊन किमान ७२ तास झाल्याशिवाय आणि डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय मॅटवर घेऊ नये. प्रशिक्षकाला स्वतःला झाला तरी हाच नियम.

हिशेब

मुलं २२, प्रत्येकी ७०० रुपये: १५,४००. प्रौढ ९, प्रत्येकी १,२००: १०,८००. एकूण २६,२००. खर्च: भाडं ९,०००, वीज १,८००, सफाई ६००, मुलींच्या वर्गाच्या सहायक प्रशिक्षिकेला ३,०००, गुरूंच्या भेटीसाठी बाजूला ३,५००, मॅट बदलण्यासाठी १,५००. एकूण १९,४००. हातात ६,८०० राहतात, टँकर मागवावा लागला तर त्याहून कमी.

यावर घर चालत नाही. तो मार्ग शाळेतून निघाला. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कुस्तीचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केल्यावर दोन शाळांत आठवड्यातून दोन-दोन दिवस कुस्ती शिकवायचं काम मिळालं, महिन्याला ८,०००. जिउ-जित्सूच्या नावाने शाळेच्या दारात जाण्यापेक्षा कुस्ती-ज्युदोचं प्रमाणपत्र घेऊन गेलेलं लवकर समजतं, आणि मुलंही तिथूनच शेडमध्ये येतात.

लातुरात वेळापत्रक शिकवणी वर्गांभोवती फिरतं. आठवीपर्यंतची मुलं संध्याकाळी साडेपाचला येतात, नववीत गेली की गळतात. पालकांशी वाद घालून उपयोग होत नाही. नववी-दहावीसाठी रविवारी सकाळी दीड तास आणि बुधवारी पाऊण तास एवढंच ठेवलं, फी निम्मी केली, तेव्हा सातपैकी चार टिकले. बारा वर्षांखालच्या मुलांना समोरून गिलोटिन, ओमोप्लाटा (पायांनी खांदा पिरगळणं) आणि घोट्याचा लॉक स्पर्धेत चालत नाहीत. ते शिकवूही नयेत. त्यांच्यासाठी पडायला शिकणं, स्थिती धरणं आणि सुटणं पुरे.

मुलींच्या वर्गाला स्त्री प्रशिक्षिका, उघडं दार आणि पालकांना बसायला बाक, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून होत्या. कुणा मुलीच्या आईने विचारल्यावर केलेली सोय आणि आधीच असलेली सोय यांत विश्वासाचा फरक पडतो.

जोड

प्रकरणाचा गाभा हा आहे. लातूरला परतल्यावर पहिले आठ महिने खेळाडू रोज सगळ्या लढती जिंकत होता, कारण समोर सगळे नवे. त्यानंतर तीन स्पर्धांत तो पहिल्याच फेरीत हरला. त्याला वाटलं दम कमी पडतोय, म्हणून पहाटेचं पळणं वाढवलं. दमाचा काही संबंध नव्हता. आठ महिन्यांत एकदाही त्याच्या पाठीवर कुणी आलं नव्हतं, एकदाही तो बंद गार्डमध्ये खऱ्या धोक्यात अडकला नव्हता. नव्या माणसासमोर सैल पकड चालून जाते, आणि अंगाला तीच सवय लागते.

हरल्याच्या चिडीत त्याने सरावात जोर वाढवला. त्याने दोन शिष्य गेले, एकाची बरगडी दुखावली होती. तेव्हा गुरूंनी दोन कामं वेगळी करायला लावली. वर्गाच्या सत्तर मिनिटांत प्रशिक्षक लढणार नाही, फक्त बघणार आणि दुरुस्त करणार. स्वतःचा सराव वेगळा, चाळीस मिनिटं, निवडलेल्या चौघांबरोबर. आमच्या मते संपूर्ण वाटचालीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. लढत असलेल्या प्रशिक्षकाला शेजारी उशिरा होणारा टॅप दिसत नाही.

त्या चाळीस मिनिटांत प्रत्येक फेरी प्रशिक्षक हरत असलेल्या जागेवरून सुरू होते. पाठीवर शिष्य, दोन्ही हुक आत, एक हात खांद्यावरून आणि एक बगलेतून बांधलेला; वेळ ९० सेकंद. शिष्याने तिथून फक्त गळा शोधायचा, बाकी काही करायचं नाही. प्रशिक्षक सुटला तर त्याचा एक, अडकला किंवा वेळ संपली तर शिष्याचा एक. आकडे भिंतीवर खडूने. पुढची फेरी माउंटखालून, त्यापुढची बंद गार्डमध्ये, कॉलर आधीच खोल धरलेली. नव्या माणसाला संपूर्ण खेळ शिकवायला वर्षं लागतात. एका जागेवरून एक हल्ला सहा महिन्यांत असा पक्का होतो की जांभळ्या पट्ट्यालाही घाम फुटतो.

चौघांची कामं वाटून दिली. ६२ किलोच्या लांब पायांच्या पोराने फक्त बंद गार्ड, ट्रँगल आणि आर्मबार, म्हणजे कोपर सरळ ताणण्याचा डाव. ८८ किलोच्या, साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या तरुणाने वरून दाबणं, हाफ गार्ड ओलांडणं आणि पोटावर गुडघा. तालमीतल्या एका पैलवानाने उभ्याने पट आणि पकडीची झोंबाझोंबी. चौथ्याने फक्त पाय धरायचे, सरळ घोट्याच्या लॉकपुरतं. हील हुक, म्हणजे टाच धरून पाय पिरगळण्याचा डाव, त्याला शिकवला नाही: त्यात दुखायच्या आधी गुडघ्याचा बंध तुटतो, आणि गीमध्ये तो कुठल्याच पट्ट्याला चालत नाही. जिथे एक पूर्ण तयार जोडीदार मिळत नाही तिथे चार अपुरे पण धारदार जोडीदार करायचे, अशी ही मांडणी.

स्पर्धेआधीच्या सहा आठवड्यांत साखळी लढत, आठवड्यातून दोनदा: सात मिनिटं सलग, दर ९० सेकंदांनी ताजा माणूस आत. वस्ताद एकामागून एक पठ्ठे अंगावर घेतात तीच रीत. लागोपाठ दोन दिवस नाही, आणि स्पर्धेच्या आठ दिवस आधी पूर्ण बंद. बंद न केल्यामुळे एकदा पकडीचे स्नायू भरलेले घेऊन तो मॅटवर गेला होता. तिसऱ्या मिनिटाला बोटं मिटेनात.

वर्षातून दोनदा पंधरा-वीस दिवस पुण्याला. तिथे नवं शिकायला जायचं नाही, घरी बसवलेलं तपासायला जायचं. जाताना तीन प्रश्न वहीत लिहून न्यायचे. मोबाइल मॅटच्या कोपऱ्यात उभा करून प्रत्येक लढत चित्रित करायची आणि दोनच गोष्टी नोंदवायच्या: पहिली पकड कुणी घेतली, आणि स्थिती कुठल्या क्षणी बदलली. या नोंदींतून दिसलं की तो हरलेल्या बहुतेक लढतींत उजव्या बाहीची पकड समोरच्याने आधी घेतलेली होती. पुढचे दोन महिने त्याने तेवढंच सुधारलं.

सुरक्षेचे नियम भिंतीवर आहेत. टॅप हाताने, पायाने किंवा तोंडाने, कसाही चालतो आणि लगेच सोडायचं. प्रशिक्षक शिष्याचा सांधा शेवटपर्यंत ताणत नाही, स्थिती पक्की झाली की धरून ठेवतो. कुणाची शुद्ध गेली तर पकड तत्काळ सोडून पाठीवर झोपवायचं, पाय थोडे वर. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली नाही तर दवाखाना. आली तरी त्या दिवशी पुन्हा लढत नाही.

तालमीशी नातं

गावच्या वस्तादांचा आक्षेप अपेक्षित होता: पाठीवर पडून कसली कुस्ती? यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. खेळाडूने विचारलं, "वस्ताद, रविवारी तासभर पोरांना मान वाचवायचं शिकवू का?" गिलोटिनपासून मान काढणं, खाली पडताना हात टेकू न देणं, मागून धरल्यावर हात सोडवणं, हे कुठल्याही पैलवानाच्या कामाचं. बदल्यात त्याला ७४ ते ८० किलोचे उभ्या कुस्तीचे ताजे जोडीदार मिळाले, तेही फुकट. लाल मातीवर गी चालत नाही, म्हणून तिथे फक्त कपड्याविनाची ग्रॅपलिंग होते. कुस्तीचीच जागतिक संघटना ग्रॅपलिंगच्या स्पर्धा घेते हे कळल्यावर वस्तादांनी दोन पोरं आपणहून शेडवर पाठवली. त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, हे त्याने लगेच ठरवलं, आणि ते योग्यच होतं.

आत्ताचा निर्णय

साठवलेले ८०,००० रुपये हातात आहेत. जांभळ्यावरचं किमान दीड वर्ष उलटून गेलं आहे, तपकिरी पट्टा कधी द्यायचा ते गुरू ठरवतील. पर्याय दोन. परदेशातली एक मोठी स्पर्धा: विमान, व्हिसा, राहणं आणि प्रवेश फी धरून सगळे पैसे संपतात, आणि पहिल्या फेरीत हरला तर हाती सात मिनिटं. किंवा त्याच पैशातून तीन आठवडे मोठ्या शहरातल्या, तपकिरी-काळे पट्टे रोज येतात अशा मॅटवर, आणि सोबत ८८ किलोचा तो शिष्य, ज्याला यंदा निळा पट्टा मिळाला. उरलेल्या पैशात देशातल्या दोन खुल्या स्पर्धा होतात.

आमचा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, आणि खेळाडूनेही तोच घेतला. एकटा जाऊन शिकून आला तर लातूरला परतल्यावर ते कुणावर करून बघणार, हा प्रश्न तसाच राहतो. दोघे गेले तर एकाच्या हातातला नवा हल्ला दुसऱ्याच्या अंगावर रोज येईल. परदेशाचं पुढच्या वर्षी, तपकिरी पट्टा मिळाल्यावर बघायचं.

जायची वेळ दिवाळीच्या सुट्टीची ठरली आहे, कारण तेव्हा मुलं मामाच्या गावाला जातात आणि वर्ग तसाही निम्मा असतो. सोयाबीनची रास त्याआधी उरकायची आहे. सकाळचा वर्ग ६२ किलोचा पोरगा घेईल, फक्त स्थितीचा सराव, मोकळ्या लढती नाहीत. मुलांचा आणि मुलींचा वर्ग प्रशिक्षिका सांभाळतील, त्या महिन्यात त्यांना ३,००० ऐवजी ६,०००. फी पाच तारखेच्या आत गोळा करायची, आणि गुरूंची त्या तिमाहीतली भेट एक महिना पुढे ढकलायची. तसं त्यांना कळवलं आहे.